दोन औषधं झाली, पुरतं एकही नाही

पत्र :

मी चोपडा तालुक्यातला शेतकरी, वय ४४. केळी आणि कापूस. दिवाळीनंतर हळूहळू काही करावंसंच वाटेना. पहाटे तीनला जाग येते, ती येतेच. आमच्याकडे म्हणतात तसं, कशातच जीव लागत नही. डिसेंबरात तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सर्ट्रालिन ५० ची गोळी दिली. मळमळ व्हायची, पाच आठवडे घेऊन सोडली. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ अशी एकत्र गोळी रात्रीसाठी दिली. तिला साडेतीन महिने झाले. झोप थोडी लागते, बाकी आहे तसंच. रात्रीची लाईट असली की मोटर लावायला मळ्यात जावं लागतं, तेव्हा गोळी राहते. कंबरेसाठी डायक्लोफेनॅक घेतो. आठवड्यातून दोन-तीनदा थोडी दारूही होते. डॉक्टर म्हणतात, चालू ठेवा. बायको म्हणते, गोळ्यांनीच डोकं जड झालंय, सोडा. काका भगताकडे न्यायच्या मागे आहेत. ‘तुमची गोळी लागू पडली नाही’ असं डॉक्टरांना कसं म्हणू? कधी कधी वाटतं, हे एकदाचं संपलं तर बरं. आता कोणाकडे जाऊ?

उत्तर :

भाऊ,

तुम्ही गोळ्यांचा हिशेब सविस्तर दिलात आणि ‘हे एकदाचं संपलं तर बरं’ हे वाक्य शेवटी ओझरतं टाकलंत. आम्ही त्या वाक्यापासूनच सुरू करतो.

नैराश्यात हा विचार अनेकांच्या मनात येतो आणि बहुतेक जण तो डॉक्टरांपासून लपवतात. पोलीस केस होईल, कागदावर शिक्का बसेल, अशी भीती असते. असा विचार बोलून दाखवणं हा गुन्हा नाही. तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे. जिवाला धोका दिसला तरच ते घरच्यांना विश्वासात घेतील, आणि तेवढं व्हायलाच हवं. आता स्वतःला विचारा : हा विचार येऊन जातो, की त्याच्यासोबत ‘कसं’ आणि ‘केव्हा’ हेही मनात घोळतं? घोळत असेल तर उद्याची वाट पाहू नका. एकट्याने न जाता कोणालातरी सोबत घेऊन आजच जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. अगदी तातडीच्या वेळी १०८ ची रुग्णवाहिका.

विचार नुसता येऊन जात असला, तरी एक काम आजच करा. केळी-कापसाच्या घरात पडवीत, नाहीतर कोपऱ्यात फवारणीची औषधं असतातच. ती घरातून हलवा. भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या कोठीत कुलपात ठेवा, किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या, आणि इथून पुढे लागेल तेवढंच कृषी केंद्रातून आणायला दुसऱ्याला पाठवा. कारण असा विचार जोराने येतो तेव्हा अनेकदा थोडाच वेळ टिकतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. गोळ्यांची पाकिटंही वहिनींकडे द्या, एका वेळी आठवड्यापुरत्याच बाहेर काढायला सांगा.

आता गोळ्यांकडे वळू.

‘गोळी लागू पडली नाही’ या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. डोस पुरा पोचलाच नाही. पोचला, पण दिवस पुरे झाले नाहीत. दोन्ही झालं, पण मधेमधे खाडे पडले. औषध ठीक, पण आजाराला दुसरंच काही चिकटलंय. आणि शेवटचं, सगळं नीट होऊनही हे औषध तुमच्या शरीराला मानवत नाही. प्रत्येकाचा उपाय निराळा. तुमच्या पत्रावरून आम्हाला दिसतं ते असं, की दोन औषधं घेऊन झाली, पण एकही पुरतं घेऊन झालेलं नाही.

सर्ट्रालिन बघा. प्रौढ माणसात त्याचा डोस ५० पासून २०० मिलिग्रॅमपर्यंत जातो. तुम्हाला सुरुवातीचा डोस मिळाला, आणि पाच आठवड्यांत तो वाढलाच नाही. मळमळ ही या जातीच्या औषधांची नेहमीची तक्रार आहे. बहुतेकांना पहिले एक-दोन आठवडे होते आणि विरते. जेवणानंतर घेतली की कमी होते, पहिले काही दिवस अर्धी गोळी देऊनही भागतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल तर दोष तुमचा नाही.

एस्सिटॅलोप्रॅमचं उलट आहे. साडेतीन महिने हा काळ पुरेसा आहे, किंबहुना जास्तच. नैराश्यावरचं औषध योग्य डोसमध्ये रोज घेतलं तर दोन ते चार आठवड्यांत निदान थोडा फरक दिसायला लागतो, पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागतात. चार आठवड्यांनी काहीच हललं नाही, तर त्याच डोसवर आणखी वाट पाहून हाती लागण्याची शक्यता कमी. म्हणजे दुसऱ्या महिन्यातच फेरविचार व्हायला हवा होता. नुसतं ‘चालू ठेवा’ हे पहिल्या तीन आठवड्यांत बरोबर उत्तर असतं, चौदाव्या आठवड्यात नाही. या औषधाचा नेहमीचा डोस १० ते २० मिलिग्रॅम. तुम्ही १० वर थांबलेले आहात.

तेही रोजचं १० नाही. एस्सिटॅलोप्रॅमचा रक्तातला अंश साधारण तीस तासांत निम्म्यावर येतो. एक गोळी चुकली तर फारसं बिघडत नाही. पण लागोपाठ दोन-तीन रात्री लाईटच्या पाळीत गेल्या की अंश खाली जातो, आणि पुन्हा पहिल्या पातळीवर यायला आठवडाभर लागतो. काही लोकांना अशा खाड्यांतच चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं, आणि ते म्हणतात, आजार वाढला. हे औषध रात्रीच घ्यायचं असा नियम नाही, जेवणाशीही त्याचा संबंध नाही. सकाळच्या चहाबरोबर घेतलं तरी चालतं, आणि सकाळी तुम्ही घरी असता. पण तुमच्या एकत्र गोळीमुळे ते अडतं, कारण तिच्यात झोपेचं औषधही आहे.

या एकत्र गोळीबद्दल आमचं मत कडक आहे. क्लोनाझेपाम घबराट आणि झोपेसाठी सुरुवातीचे दोन-चार आठवडे उपयोगी पडतं. ते नैराश्यावरचं औषध नाही. महिनोन्‌महिने घेतलं की शरीराला सवय लागते, सकाळी सुस्ती राहते, विचार मंदावतो. वहिनी म्हणतात ना डोकं जड झालंय, ते बहुधा याचंच. म्हणजे त्यांचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त उपाय चुकतोय. दोन औषधं एकाच गोळीत असली की एकाचा डोस वाढवता येत नाही. एस्सिटॅलोप्रॅम २० करायला दोन गोळ्या घ्याल तर क्लोनाझेपामही दुप्पट, १ मिलिग्रॅम होईल. एक गोळी चुकली की दोन्ही चुकतात. म्हणून डॉक्टरांना आधी ही विनंती करा : ‘दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून द्या.’ क्लोनाझेपाम मात्र स्वतःहून एका झटक्यात तोडू नका. काही महिन्यांच्या सवयीनंतर ते अचानक बंद केलं तर झोप पार उडते, थरथर सुटते, क्वचित फिट येते. पाव-पाव करत काही आठवड्यांत उतरवावं लागतं. आणि ज्या रात्री दारू झाली त्या रात्री ही गोळी म्हणजे दुहेरी गुंगी. श्वास मंदावू शकतो, मग अंधारातली मोटर आणि विहीर यांचं वेगळं सांगायला नको.

दारूचंही बोलून टाकू. आठवड्यातून दोन-तीनदा थोडी, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री मोडते. तुमची तीनची जाग थोडी तिचीही असू शकेल. औषध खरंच काम करतंय का हे बघायचं तर निदान सहा आठवडे ती पूर्ण बाजूला ठेवा. (रोज पिणाऱ्या माणसाला मात्र आम्ही एकदम बंद कर असं सांगत नाही. त्याला आधी डॉक्टर लागतो.)

डायक्लोफेनॅक आणि एस्सिटॅलोप्रॅमच्या जातीची गोळी एकत्र घेतल्याने पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. शौच काळी, डांबरासारखी झाली तर लगेच दवाखान्यात जा. पोटात आग होते म्हणून ओमेप्राझोल घेत असाल तर तेही सांगा. त्याने एस्सिटॅलोप्रॅमचा रक्तातला अंश वाढतो, त्यामुळे डोस ठरवताना डॉक्टर त्याचा हिशेब धरतात. दुखण्यासाठी कोणी ट्रॅमाडॉलची गोळी दिली तर ती या औषधासोबत विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन्ही मिळून ताप, थरथर, घाम, गोंधळलेपण अशी अवस्था होऊ शकते. ती जिवावर बेतते.

एक साधी गोष्ट, ती कोणी विचारत नाही : गोळ्या ठेवता कुठे? पाकिटावर बहुधा २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, पत्र्याखालच्या फळीवर आणि मोटरसायकलच्या डिक्कीत तर त्याहून वर. औषध एका दिवसात बाद होत नाही, पण उन्हाळाभर तिथे ठेवू नका. माठाजवळच्या कोनाड्यात, कोरड्या डब्यात ठेवा. जनऔषधीची गोळी चालेल का, हेही अनेक जण विचारतात. घटक आणि मिलिग्रॅम तेच असतील तर चालेल. दर महिन्याला पाकीट वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका, मात्र घटकाचं नाव दरवेळी वाचा.

आता आजाराला दुसरं काही चिकटलंय का ते बघायचं. तुमच्या पत्रात एकाही रक्ततपासणीचा उल्लेख नाही. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर एवढ्या चार आधी करा. थायरॉइड मंद असला की माणूस उदास, सुस्त, थंडीला हळवा होतो आणि नैराश्याची गोळी अर्धवटच लागू पडते. मांसाहार नसेल तर बी-१२ कमी निघणं आपल्याकडे नवल नाही. सोडियमही डॉक्टरांना विचारून करून घ्या. नैराश्यावरची ही औषधं काहींच्या रक्तातलं सोडियम उतरवतात, विशेषतः म्हाताऱ्यांच्या. तुमचं वय तेवढं नाही, पण दिवसभर घाम गाळून नुसतं पाणी पिणाऱ्या माणसाला डोकेदुखी, गोंधळ, पाय लटपटणं असं झालं तर ते बघायला हवं. रात्री जोरात घोरता का, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे वहिनींना विचारा. तसं असेल तर थकव्याचं ते स्वतंत्र कारण असू शकतं.

आणि एक प्रश्न, ज्याच्या उत्तराने अख्खा उपचार बदलतो. आयुष्यात कधी लागोपाठ चार-पाच दिवस किंवा जास्त असं झालंय का, की तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात बेत धावतात, ऐपतीबाहेर पैसा उधळला, भांडणं काढली, आणि बघणाऱ्यांना वाटलं, हा आपला माणूसच नाही? तुमचं, किंवा आई-वडील-भावंडांपैकी कोणाचं? असेल तर हे एकेरी नैराश्य नसून दोन टोकांचा आजार असू शकतो. त्यात नुसती नैराश्याची गोळी बहुधा पुरत नाही, कधी उलट दुसऱ्या टोकाला ढकलते. आपण उदास असतो तेव्हा अशी जुनी चांगली दिसणारी दिवसं आजार वाटत नाहीत, म्हणून कोणी आपणहून सांगत नाही. भावाला किंवा आईला विचारून घ्या.

एवढं झालं की एक कागद तयार करा. वहीचं एकच पान. वर डाव्या बाजूला औषधाचं नाव, मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख, काय फरक, काय त्रास. खाली सध्या चालू असलेलं सगळं : कंबरेची गोळी, पोटाची, आयुर्वेदिक, तंबाखू, दारू. मग गेल्या चौदा दिवसांत किती गोळ्या चुकल्या तो आकडा. लाजून कमी लिहू नका. खोट्या आकड्यावर डॉक्टर डोस वाढवतील आणि तुम्ही दुसऱ्याच दिवसापासून नियमित झालात तर त्रास होईल तुम्हालाच. नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाचच्या खाली म्हणजे बरं, दहापासून पुढे मध्यम, वीस आणि पुढे तीव्र. आज किती येतात ते कागदावर लिहा आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा भरा. ‘बरं नाही’ यातून डॉक्टरांना फार कळत नाही, ‘१९ होते, आता १७’ यातून कळतं. नववा प्रश्न त्या शेवटच्या विचाराबद्दलचाच आहे. तोंडाने सांगवत नसेल तर कागद पुढे सरकवा.

डॉक्टरांना काय म्हणू, हे तुम्ही विचारलंत. गोळीवर ठपका ठेवायची गरज नाही. असं म्हणा : ‘डॉक्टरसाहेब, ही गोळी साडेतीन महिने घेतोय, मधेमधे इतक्या चुकल्या. झोप थोडी सुधारली, मन उठत नाही. आता डोस वाढवायचा, औषध बदलायचं, की मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवता?’ तीन पर्याय समोर ठेवले की उत्तर ‘चालू ठेवा’ येत नाही. आलंच, तर विचारा, ‘किती दिवस, आणि तोवर फरक पडला नाही तर पुढे काय?’ या प्रश्नाला चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. एक औषध न लागणं ही रोजची गोष्ट आहे. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात पहिल्या औषधावर लक्षणं पूर्ण जाणारे साधारण तीनात एक निघाले. उरलेल्यांना पुढची पायरी चढावीच लागली.

आणखी एक तक्रार असते, ती पुरुष मंडळी डॉक्टरांनाही सांगत नाहीत : शरीरसंबंधातली इच्छा कमी होणं किंवा उशीर लागणं. या जातीच्या औषधांत हे बरंच आढळतं, आणि गोळी गुपचूप सोडून देण्याचं ते एक मोठं कारण आहे. त्याला पर्याय आहेत. म्हणून कागदावर तीही ओळ लिहा.

पुढे काय होऊ शकतं तेही जाणून घ्या, म्हणजे नवं नाव ऐकून दचकणार नाही. पहिली शक्यता, एस्सिटॅलोप्रॅम सुटं करून सकाळी, आणि १५ किंवा २० मिलिग्रॅम. वाढीव डोसवर चार आठवडे रोज घेऊनही काही हललं नाही तर तिथे रेंगाळू नये. दुसरी, औषध बदलणं. सर्ट्रालिन आणि एस्सिटॅलोप्रॅम एकाच घराण्यातली आहेत, म्हणून पुढचं बहुधा दुसऱ्या घराण्यातलं निघेल. कंबरदुखी सोबत आहे म्हणून ड्युलोक्सेटिनचा विचार होऊ शकतो, ते काही दुखण्यांवरही चालतं. पण दारू चालू असेल तर यकृतासाठी ते योग्य नाही, हे आधीच सांगा. झोप आणि भूक दोन्ही गेली असेल तर मिर्टाझापिन, रात्री १५ पासून ४५ पर्यंत. त्याने वजन वाढतं. व्हेन्लाफॅक्सिन ७५ पासून सुरू होऊन वर जातं. त्यात रक्तदाब बघावा लागतो आणि एक दिवसाचा खाडाही जाणवतो, म्हणजे रात्रीच्या लाईटवाल्या माणसाला जरा कठीणच. जुन्यापैकी अमिट्रिप्टिलिन अनेकांना १० किंवा २५ मिलिग्रॅम डोकेदुखी-झोपेसाठी दिलेलं असतं, आणि ते समजतात नैराश्याचं औषध घेऊन झालं. नैराश्याला ते साधारण ७५ ते १५० लागतं. शिवाय त्याने घाम कमी येतो, भर उन्हात राबणाऱ्याला उष्माघाताचा धोका वाढतो. औषध बदलताना जुनं उतरवत नवं चढवण्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत निम्मं विसरतं.

तिसरी शक्यता, चालू औषधाने थोडाफार फरक पडला असेल तर त्याला जोड देणं. त्यासाठी अरिपिप्राझोल छोट्या डोसमध्ये, क्वेटियापिन, किंवा लिथियम वापरतात. ‘हे तर वेडाचं औषध’ असं मेडिकलवाला म्हणाला तर ऐकू नका. जोड म्हणून त्यांचा वापर जगभर रुळलेला आहे. लिथियम फार गुणाचं औषध, पण खान्देशच्या उन्हाळ्यात त्याला जपावं लागतं. त्याची रक्तातली पातळी ठराविक पट्ट्यातच राहिली पाहिजे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन ती मोजतात, मूत्रपिंड आणि थायरॉइड सहा-सहा महिन्यांनी तपासतात. घाम, जुलाब, निर्जळी उपास, अचानक मीठ तोडणं, या सगळ्यांनी पातळी चढते. डायक्लोफेनॅकनेही चढते, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, उलट्या, जीभ अडखळणं असं झालं तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय. म्हणून लिथियम सुरू होण्याआधी कंबरेचं दुखणं पॅरासिटामॉलवर भागतंय का हे ठरवून घ्या.

दोन वेगळी औषधं, दोन्ही पुऱ्या डोसमध्ये, पुरे दिवस, रोज घेऊनही उठाव नसेल, तेव्हा त्याला ‘औषधांना दाद न देणारं नैराश्य’ म्हणतात. तुम्ही अजून तिथे पोचलेला नाहीत. पोचलात तरी रस्ता संपत नाही. शॉक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातलं दृश्य येतं. आता ती उपचारपद्धत भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच करतात, त्याशिवाय करायला कायद्याने बंदी आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण साधारण सहा ते बारा वेळा. त्या काळातलं काही विसरायला होतं, पण जेवणखाण सोडलेल्या किंवा जीव देण्याच्या काठावरच्या माणसाला तिच्याइतकं लवकर काही उठवत नाही. डोक्याला बाहेरून चुंबक लावून करायचा चुंबकीय उपचार वेगळा, त्यात भूल लागत नाही, पण आठवड्यातले पाच दिवस असा चार ते सहा आठवडे जावं लागतं. म्हणजे शहरात मुक्काम, किंवा रोजची एसटी.

कोणाकडे जायचं? आतापर्यंत तुम्ही ज्यांच्याकडे गेलात ते मानसोपचारतज्ज्ञ होते का, हे पत्रातून कळत नाही. पाटीवर एम.डी. सायकियाट्री, डी.पी.एम. किंवा मानसोपचारातलं डी.एन.बी. दिसलं पाहिजे. ‘मेंदूचे डॉक्टर’ म्हणून लोक न्यूरोलॉजिस्टकडे जातात, ते फिट, लकवा, डोकेदुखीचे. चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी विचारा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले डॉक्टर तिथे येतात का आणि कोणत्या वारी. नसेल तर जळगावचं सिव्हिल, म्हणजे आताचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, किंवा धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो, म्हणून पहिल्या गाडीने निघा. वाट लांब असेल तर मधल्या भेटींसाठी टेलि-मानसचा उपयोग करा, तिथून मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. जुन्या डॉक्टरांकडून कागदपत्रं मागणं हा तुमचा हक्क आहे, २०१७ च्या त्याच कायद्यात तो दिलाय. त्यात संकोच नको.

बोलून करायचा उपचार तुम्हाला कोणी सुचवला नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. मध्यम नैराश्यात तो औषधाच्या तोडीचा आहे आणि दोन्ही मिळून एकट्या औषधापेक्षा बरे. आठवड्याला एक अशा आठ ते सोळा बैठका, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टबरोबर, फोनवरही होतात. त्यातला एक भाग तुम्ही आजपासून करू शकता. मन लागेल तेव्हा काम करू असं म्हणत बसलं की मन लागतच नाही. म्हणून वेळ ठरवायची, मन नाही. सकाळी सातला केळीच्या दोन ओळी फिरून यायच्या, बस. पाच वाजता पारावर अर्धा तास. दिवसाच्या शेवटी प्रत्येकासमोर दहापैकी किती बरं वाटलं तो आकडा. पहिला आठवडा सगळे दोन-तीनच येतील. तरी वेळ चुकवायची नाही. केळीचा भाव पडला असेल तर तो कोणत्याही गोळीने वाढणार नाही, पण बँकेत जायला, हिशेब मांडायला जी उमेद लागते ती परत आणण्यासाठीच हा खटाटोप.

काकांशी भांडू नका. भगताकडे जाऊन अंगारा लावला तर औषधाचं काही बिघडत नाही. दोनच अटी घाला : गोळी सुटणार नाही, आणि कोणतीही पुडी किंवा काढा पोटात जाणार नाही. पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं, आणि डॉक्टरांना तर ते कधीच कळत नाही.

डॉक्टरांकडे वहिनींना सोबत घेऊन जा. त्यांना जे दिसतं, किती वाजता उठता, किती बोलता, ताटात किती टाकता, ते तुम्हाला आतून दिसत नाही. डोस बदलल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस तगमग वाढली, एका जागी बसवेना, तो विचार जोर धरू लागला, तर डॉक्टरांना फोन करायचं कामही त्यांच्याकडेच सोपवा. कापसाची लागवड सुरू झाली की तुमचा पाय घरातून निघणार नाही, तेव्हा पहिली भेट या आठवड्यातच उरका. दुसरी भेट दोन ते चार आठवड्यांनी येईल. तिची तारीख पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या आणि उठण्याआधी विचारा, त्या तारखेला पीएचक्यू-९ चा आकडा किती खाली आला तर हेच औषध ठेवायचं, आणि किती आला तर बदलायचं.